आधी उंबरा मोजा, मग रोबो बघा: खान्देशातल्या घरासाठी झाडू-पोछा करणारं महागडं यंत्र कसं निवडायचं

एप्रिल लागला की आपल्याकडे घराघरात एकच कोडं असतं. कुलर चालवायचा तर खिडकी उघडी हवी, आणि खिडकी उघडी ठेवली की दुपारपर्यंत फरशीवर पावलं उमटतात. सकाळी झाडू-पोछा केला तरी संध्याकाळी पुन्हा पायाला कचकच. याच वैतागातून गेल्या तीन वर्षांत आमच्या गोतावळ्यात तीन रोबो आले: जळगावला माझ्या फ्लॅटमध्ये, धुळ्याला बहिणीच्या रो-हाउसमध्ये आणि शहाद्याला साडूंच्या जुन्या घरात. तिन्ही वरच्या किमतीचे. झाडतात, पुसतात, आणि स्टेशनवर, म्हणजे चार्जिंगच्या जागेवर, परत येऊन स्वतःचा पोछा स्वतः धुतात. जळगाव-धुळ्याचे दोन सुखाने नांदताहेत. शहाद्याचा मात्र सहा महिने माळ्यावर पडून होता. यंत्रात खोट नव्हती. घर आणि पाणी आम्ही आधी बघितलं नव्हतं, एवढंच.

म्हणून हा लेख यंत्रापासून नाही, घरापासून सुरू करतो. किमती साधारण ५० हजारांपासून दीड लाखाच्या आसपास जातात. एवढ्या पैशात तीन महिन्यांचा झाडू-पोछा नाही, काही वर्षांची मावशींची पगाराची सोय होते, हे घरातली मोठी माणसं ऐकवणारच. तेव्हा घाई नको.

पहिली पायरी: टेप घेऊन घरभर फिरा

तीन मापं घ्या आणि कागदावर लिहा.

पहिलं माप पलंग, दिवाण आणि सोफ्याच्या खालच्या फटीचं. डोक्यावर लेझरचं बुटकं बुरूज असलेले रोबो साधारण १० सेंटिमीटर उंच असतात. म्हणजे फट निदान ११ ते १२ सेंटिमीटर हवी, नाहीतर तो आत शिरतो, अडकतो आणि तुम्हाला पालथं पडून काठीने ओढावा लागतो. २०२५ मध्ये आलेल्या काही मॉडेलांनी हे बुरूज काढलं किंवा खाली दडपता येईल असं केलं. रोबोरॉकच्या सॅरोस १० आणि १०आर यांची उंची ७.९८ सेंटिमीटर आहे. तुमच्या दिवाणाखाली नऊ-साडेनऊ सेंटिमीटरच फट असेल तर हा फरक पैसे मोजण्यासारखा आहे. आणि सगळा दिवाण खालून बंद पेटीचाच असेल, तर या बुटकेपणासाठी जास्तीचा रुपयाही देऊ नका.

दुसरं माप उंबऱ्यांचं. इथेच शहाद्याला फसगत झाली. बहुतेक रोबो २ सेंटिमीटरपर्यंतचा अडथळा ओलांडतात. जुन्या घरातला मधल्या खोलीचा कडप्प्याचा उंबरा सहज चार-पाच सेंटिमीटर भरतो. रोबो समोर यायचा, दोनदा धडक द्यायचा आणि ‘वाट बंद आहे’ असं मोबाईलवर कळवून मागे फिरायचा. एका खोलीसाठी लाखभर रुपये! ड्रीमीच्या एक्स५० अल्ट्राला उचलून धरणारे पाय आहेत आणि कंपनी ६ सेंटिमीटर सांगते, पण तो आकडा दोन टप्प्यांच्या उंबऱ्याचा आहे. सरळसोट उभा उंबरा त्याहून कमीच धरा. उंबरा फोडा असं मी कोणाला सांगणार नाही, तो पूजेचा असतो. सुताराकडून दोन्ही बाजूंना लाकडी उतार करून घ्या. तीन सेंटिमीटर उंचीला निदान बारा सेंटिमीटर लांबीचा उतार द्या, वर खरखरीत पट्टी चिकटवा. साडूंनी शेवटी हेच केलं आणि यंत्र माळ्यावरून खाली उतरलं.

तिसरं काम मापाचं नाही, डोळ्यांचं आहे: फरशीत काळं काय आहे ते बघा. जिन्यावरून खाली पडू नये म्हणून रोबोच्या पोटाशी सेन्सर असतात. ते खाली प्रकाश टाकतात आणि तो परत येतो का ते बघतात. काळा ग्रॅनाइट किंवा काळ्या कडप्प्याची पट्टी प्रकाश गिळते, आणि काही रोबोंना तिथे खड्डा आहे असं वाटतं. धुळ्याला हॉलभोवती काळ्या ग्रॅनाइटची बॉर्डर आहे. पहिला आठवडा यंत्र त्या बॉर्डरच्या आतच गोल गोल फिरत होतं, जणू लक्ष्मणरेषा आखलीय. पुढे कंपनीच्या अपडेटने ते सुधारलं, पण प्रत्येक वेळी सुधारेल याचा भरवसा धरू नका. दुकानात डेमो असेल तर काळ्या फरशीचा एक तुकडा सोबत न्या. दुकानदार हसेल. हसू द्या.

शेणाने सारवलेली खोली असेल तर तिथे हे यंत्र चालत नाही, विषय संपला. खडबडीत शहाबादीवर झाडणं बरं होतं, पोछा मात्र सांध्यांत पोचत नाही.

दुसरी पायरी: पाणी तपासा

जाहिरातीत याबद्दल एक ओळ नसते, आणि आपल्याकडे निम्मी यंत्रं याच कारणाने कुरकुरतात. स्टेशनमध्ये स्वच्छ पाण्याची साधारण ४ लिटरची टाकी असते. तिथून पाणी बारीक नळ्या, छोटा पंप आणि वरच्या मॉडेलांत गरम करणारी कॉइल यांतून जातं. बोअरचं खारं पाणी तापलं की क्षार बसतात. गिझरची कॉइल काढून बघितली असेल तर वेगळं सांगायला नको. गरम पाण्याने पोछा धुणारी मॉडेलं ६० ते ८० अंशांपर्यंत पाणी तापवतात. तेलकट पोछ्याला ते उत्तमच, पण जड पाण्याच्या घरात तीच सोय आधी बिघडते.

घरच्या नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो का ते बघा. धरत असेल तर बोअरचं पाणी टाकीत भरू नका. जळगाव शहरात वाघूर धरणाचं नळाचं पाणी भरून ठेवलेलं असतं, ते चालतं. ते नसेल तर आरओचं. रोज चार लिटर आरओचं पाणी फरशीला घालताना उन्हाळ्यात जिवावर येतं, कबूल. मग एक दिवसाआड पोछा आणि रोज नुसतं झाडणं असा बेत ठेवा. दोन पाणी मात्र कधीच नकोत: आरओतून बाहेर टाकलेलं आणि कुलरच्या टाकीत उरलेलं. पहिल्यात क्षार गाळून जमा झालेले असतात. दुसऱ्यात पाणी उडून जाऊन क्षार मागे राहिलेले असतात.

काही स्टेशनं थेट नळाला आणि गटाराला जोडता येतात. मोठ्या शहरातल्या लोकांना याचं फार कौतुक. आपल्याकडे नळ दिवसाआड, टाकीत बोअर मिसळलेलं, अशा घरात मी ते घेणार नाही. टाकी हाताने भरली तर निदान आत काय जातंय ते आपल्याला माहीत असतं.

फिनाइल, अ‍ॅसिड, डेटॉल टाकीत ओतू नका. वासाशिवाय फरशी पुसल्यासारखी वाटत नाही ही आपली सवय आहे, पण फेस आणि रसायन पंप व रबर खराब करतात, आणि मग वॉरंटीवाला हात वर करतो.

तिसरी पायरी: पोछ्याची जात ठरवा

खरी तुलना इथे आहे. कंपनीच्या नावापेक्षा पोछा कोणत्या पद्धतीचा, यावर घरातलं समाधान ठरतं. तीन जाती आहेत, आणि योगायोगाने आमच्या तीन घरांत तिन्ही आहेत.

थरथरणारं सपाट फडकं. यात रोबोच्या पोटाखाली एक कापड असतं आणि ते मिनिटाला हजारो वेळा थरथरत फरशी घासतं. रोबोरॉकच्या एस८ प्रो अल्ट्रामध्ये हीच पद्धत आहे, मिनिटाला ३००० वेळा. भाग कमी, बिघाड कमी, पाणीही बेताचं. रोजची बारीक धूळ याने छान जाते. पण कापड एकच, आणि ते स्टेशनवर जाऊन धुतलं जाईपर्यंत मळतच राहतं. पहिल्या खोलीतली माती तिसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून अ‍ॅपमध्ये ‘दर १० चौरस मीटरला पोछा धुवा’ अशी सेटिंग करावी लागते. जळगावच्या माझ्या फ्लॅटमध्ये हे आहे. तक्रार नाही, कारण विट्रिफाइड टाइल्स गुळगुळीत आहेत आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, चिखल वर येत नाही.

गोल फिरणाऱ्या दोन चकत्या. ड्रीमीची बरीच मॉडेलं, रोबोरॉकची क्यूरेव्हो मालिका आणि इकोव्हॅक्सचं एक्स२ ऑम्नी या जातीचे. चकत्या दाबून फिरतात, त्यामुळे वाळलेला चहाचा डाग किंवा हळदीचा ठिपका सपाट फडक्यापेक्षा चांगला निघतो. उणीव कडेची: गोल चकती भिंतीच्या कोपऱ्यात जाणार कशी? म्हणून २०२४ च्या ड्रीमी एक्स४० अल्ट्रासारख्या मॉडेलांत चकती बाहेर सरकून भिंतीला लागते. चकत्यांचा रोबो घेणार असाल तर ही बाहेर सरकणारी चकती नक्की मागा, नाहीतर दोन महिन्यांनी भिंतीलगत मातकट रेघ दिसू लागते. धुळ्याला ती दिसतेय. बहीण दर रविवारी कडेने ओलं फडकं मारते आणि मला फोन करते.

लाटण्यासारखा रोलर. ही सगळ्यात नवी जात. इकोव्हॅक्सचं एक्स८ प्रो ऑम्नी आणि युफीचं ऑम्नी एस१ प्रो यांत ती आहे. रोलर फिरता फिरताच त्यावर स्वच्छ पाणी पडत राहतं आणि एक पट्टी मळकं पाणी खरवडून वेगळ्या कप्प्यात टाकते. म्हणजे फरशीला प्रत्येक फेऱ्यात धुतलेलाच पोछा लागतो. शेवभाजीची तर्री सांडली, की या जातीचा हात कोणी धरत नाही. बाकीचे दोन तेल पसरवण्याची शक्यता जास्त. पण पाणी जास्त लागतं, भाग जास्त असतात, आणि खरवडणाऱ्या पट्टीवर केस आणि चिकट माती अडकते. दर दोन-तीन दिवसांनी ती पट्टी काढून नळाखाली धरावी लागते. शहाद्याला हा आहे, आणि साडू म्हणतात, जनावराला पाणी पाजण्यापेक्षा जास्त काम यालाच आहे.

माझं मत विचाराल तर: वरच्या मजल्यावरचा, गुळगुळीत टाइल्सचा फ्लॅट असेल तर थरथरणारं फडकं पुरतं, उरलेले पैसे वाचवा. लहान मुलं आणि खालीच बसून जेवायची पद्धत असेल तर रोलर. मधल्या घरांना बाहेर सरकणाऱ्या चकत्या.

जात कोणतीही असो, आपल्या काळ्या मातीसाठी एक नियम: आधी कोरडं, मग ओलं. अ‍ॅपमध्ये ‘झाडू आणि पोछा एकत्र’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो बदलून ‘आधी झाडू, नंतर पोछा’ करा. ही माती फार बारीक असते, ओली झाली की लोण्यासारखी चिकटते, आणि मग पोछा, नळी, स्टेशनचा तळ सगळं लिंपून टाकते. आपल्या आया-आज्यांनी केर काढल्याशिवाय कधी फरशी पुसली नाही. यंत्राला तेवढी अक्कल आपण द्यायची. जून-जुलैत वावरातून आलेल्या चपलांची ढेकळं पडलेली असतील तर आधी खराट्याने काढा, रोबोला त्यावर सोडूच नका.

चौथी पायरी: पास्कलच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात ओढण्याची ताकद लिहिलेली असते. २०२२ च्या ड्रीमी एल१०एस अल्ट्राची ५३०० पास्कल होती, २०२५ च्या सॅरोस १० ची २२००० आहे. फरशी चौपट स्वच्छ होते का? नाही. जास्त ताकद लागते ती गालिच्यात रुतलेली धूळ उपसायला. आपल्याकडे गालिचा कुठे? सतरंजी असते, तीही सकाळी गुंडाळून ठेवलेली. टाइलवरची धूळ उघडी पडलेली असते, तिला मध्यम ताकद पुरते. गालिचा ओळखणं, गालिच्यावर पोछा उचलणं, पोछा स्टेशनवर काढून ठेवून जाणं, या सगळ्या हुशारीचे पैसे तुम्ही भरता आणि ती हुशारी बसून राहते. पोछा थोडा उचलला जाणं मात्र उपयोगी, नाहीतर झाडताना ओलं कापड मातीतून फरपटतं.

पास्कलऐवजी यंत्र उलटं करून ब्रश बघा. केसाळ दातांचा ब्रश असेल तर लांब केस आणि कापसाचे तंतू त्याला सुतासारखे गुंडाळतात. पूर्ण रबरी, किंवा एका टोकाला निमुळता ब्रश चांगला, केस सरकत जाऊन आत ओढले जातात. बाजूचा छोटा पंखेवजा ब्रश स्क्रूशिवाय निघतो का तेही बघा. तंतू त्याच्या बुडाशी जास्त अडकतात.

कापसाचं वेगळं सांगायला हवं. दिवाळीनंतर भाव यायची वाट बघत अनेक घरांत एक खोली कापसाने भरलेली असते. शहाद्याला रोबो त्या खोलीच्या दारात दोन दिवस फिरला, आणि स्टेशनमध्ये कचरा ओढून घेणारी नळीच बोंडाने बुजली. अ‍ॅपच्या नकाशात ती खोली आणि तिच्यापुढची दोन हात जागा ‘जाऊ नको’ म्हणून लाल करून टाका. देवघरापुढची जागाही अशीच आखा. अंगणातल्या दारापर्यंत वाट मोकळी असेल तर सकाळची रांगोळी आठ मिनिटांत हॉलभर होते. आमच्याकडे झाली आहे.

स्टेशनमधली कचऱ्याची पिशवी साधारण अडीच ते तीन लिटरची असते आणि कंपन्या ती दोन महिने पुरेल असं सांगतात. मे महिन्यात माझ्याकडे ती अठराव्या दिवशी भरली. तेव्हा यंत्र घेतानाच पिशव्या, फिल्टर आणि पोछ्याची कापडं यांची किंमत विचारा आणि वर्षाचा हिशोब मांडा. पिशवी धुऊन पुन्हा वापरायचा मोह टाळा, बारीक धूळ परत मोटरकडे जाते.

पाचवी पायरी: स्टेशनची जागा आणि वीज

स्टेशन म्हणजे लहान पिंपाएवढं धूड. पुढे मीटर-दीड मीटर मोकळी जागा लागते. लोक ते गॅलरीत नाहीतर पोर्चमध्ये ठेवतात, तिथे दिसत नाही म्हणून. तसं करू नका. या यंत्रांच्या पुस्तिकांत वापराचं तापमान बहुधा ४० अंशांपर्यंत दिलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि लिथियमची बॅटरी अशा उकाड्यात चार्ज केली की लवकर म्हातारी होते. घरातली सगळ्यात थंड भिंत शोधा. सफाई पहाटे साडेपाचला लावा, तेव्हा फरशीही थंड असते आणि कुलरच्या वायरी पायात नसतात.

वीज फार खात नाही. ५२०० मिलीअँपिअर-तासांची, १४.४ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरायला ०.०७५ युनिट, गळती धरून थोडं जास्त. खर्च होतो तो पाणी तापवणं आणि गरम हवेने पोछा वाळवणं यात. वाळवायला दोन ते चार तास लागतात. उन्हाळ्यात मी गरम हवा बंदच ठेवतो, आपली हवा फुकट वाळवते. पावसाळ्यात मात्र बंद केली तर तिसऱ्या दिवशी वास मारतो.

इन्व्हर्टरवर जोडायचं असेल तर स्टेशनच्या मागच्या पट्टीवरचे वॅट आधी वाचा. कचरा ओढणारी मोटर आणि कॉइल छोट्या इन्व्हर्टरला झेपत नाहीत. वीज गेली तरी रोबो बॅटरीवर काम पुरं करतो. पण परत आल्यावर स्टेशन मुकं असतं, त्याला जागा सापडत नाही आणि तो दारात घुटमळतो. तुमच्या भागातल्या भारनियमनाच्या वेळा बघून वेळापत्रक लावा. कचरा ओढतानाचा आवाज मिक्सरसारखा असतो, दुपारच्या झोपेच्या वेळी तो बंद ठेवा.

मळक्या पाण्याची टाकी रोज रिकामी करा. एप्रिलमध्ये एक दिवस विसरलात तर घरात कोणीतरी गटार शोधत फिरतं.

सहावी पायरी: अ‍ॅप, कॅमेरा, सर्व्हिस

बहुतेकांना वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं लागतं, राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाने असतील तर वेगळी करून घ्या. अडथळे ओळखायला काही रोबोंना कॅमेरा असतो. घरातल्या बायकांना ते रुचत नसेल तर नुसत्या लेझरवर चालणारं मॉडेल बघा. आणि अ‍ॅपशिवाय, यंत्रावरचं बटण दाबून सफाई सुरू होते का हे नक्की तपासा. निएटो ही अमेरिकी कंपनी २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा लोकांची चांगली चालती यंत्रं कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहिली होती.

सर्व्हिसबद्दल ‘ऑल इंडिया आहे साहेब’ हे उत्तर घेऊ नका. तीन प्रश्न विचारा आणि उत्तर मेसेजवर लेखी घ्या: माणूस घरी येतो का यंत्र पाठवावं लागतं? पाठवायचं तर कुठल्या शहरात आणि भाडं कोणाचं? बॅटरीची वॉरंटी वेगळी किती? माझ्या यंत्राचा पंप पहिल्या वर्षीच गेला. ते पुण्याला जाऊन यायला सव्वीस दिवस लागले, आणि स्टेशनसकट पाठवायचं तर मूळ खोकंच हवं, असं तिकडून सांगितलं. परदेशातून परस्पर आणलेलं स्वस्त यंत्र घेतलंत तर यातलं काहीच मिळत नाही.

घरी आल्यावर पहिले चार दिवस

नळाचं पाणी भरून आधी पूर्ण घराचा नकाशा करून घ्या, त्या फेरीत पोछा नको. दुसऱ्या दिवशी चमचाभर गव्हाचं पीठ भिंतीच्या कडेला, चमचाभर हॉलच्या मध्ये आणि थोडे लांब केस टाकून नुसतं झाडायला लावा. कडेचं पीठ किती राहिलं ते बघा, ब्रश उलटा करून केस बघा. तिसऱ्या दिवशी हळद घातलेल्या वरणाचे चार थेंब वाळू द्या आणि पोछा मारा. एक फेरा, मग दुसरा. दोन फेऱ्यांत डाग निघाला नाही तर तो पुढेही निघणार नाही. चौथ्या दिवशी सगळ्या उंबऱ्यांवरून आणि काळ्या पट्ट्यांवरून त्याला एकेका खोलीत पाठवा.

आमच्या आजी पहिल्या दिवशी पाटावर बसून हे सगळं बघत होत्या. “हाई काय आनं रे भाऊ? याले भाकर लागत नही ना?” भाकर लागत नाही, पण आठवड्याला वीस मिनिटं लागतात: ब्रशचे केस कापणं, सेन्सर कोरड्या फडक्याने पुसणं, फिल्टर झटकणं, स्टेशनचा तळ धुणं. श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांच्या दिवसांत, घर पाहुण्यांनी भरलं की त्याला सरळ बंद करून ठेवा. पिठाच्या फरशीवर आणि पंचवीस जोडी पायांत त्याचं काही चालत नाही.

वरच्या चार चाचण्यांत कुठे अडलं, तर त्याच दिवशी व्हिडिओ काढून विक्रेत्याला पाठवा. परत करायची मुदत थोड्या दिवसांचीच असते, बिलावर तारीख बघून ठेवा. खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या.